बेदाण्याचं यंत्र करायचंय, आधी डिझाइन वाचू की अर्थशास्त्र?

तुझा प्रश्न लांब होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मेकॅनिकलची डिग्री झाली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केलीस, आता वडिलांच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये परत आली आहेस. बेदाण्याच्या काड्या काढून प्रतवारी करणारं छोटं यंत्र बनवायचंय, लहान बागायतदाराला परवडेल असं. पुस्तकांसाठी पाच हजार रुपये बाजूला काढलेत. एक जण सांगतो प्रॉडक्ट डिझाइनची नावाजलेली जुनी पुस्तकं वाच, दुसरा म्हणतो ते राहू दे, अर्थशास्त्र वाच, शेवटी धंदा पैशावर चालतो. यातलं आधी काय, आणि पन्नास ते अडीचशे वर्षं जुनी पुस्तकं आज वाचून काही हाती लागतं का, असं तुझं विचारणं.

काका म्हणून लिहिलंस, म्हणून एकेरीवर आलोय. मी हळदीचे पॉलिश ड्रम आणि बेदाण्याच्या चाळण्या करत गेली सत्तावीस वर्षं कुपवाडातच आहे. पुस्तकं वाचली ती बहुतेक चुकीच्या क्रमानं, म्हणजे नुकसान झाल्यावर. तुला तो क्रम तरी नीट मिळावा, एवढ्यासाठी हे उत्तर.

पहिली संध्याकाळ पुस्तकावर घालवूच नकोस. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं 1958 साली भारत सरकारला एक छोटा अहवाल दिला होता. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो, तासाभरात वाचून होतो. देश हिंडून त्यांना सगळ्यात आवडलेली वस्तू कुठली, तर लोटा, आपला तांब्या. तो घडवायला बसलं तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच दिली आहे. पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठं, ओतताना कुठं. आणि त्याच दमात, मध्ये रेघसुद्धा न मारता, पुढचे प्रश्न येतात. त्याची किंमत किती, किती काळ सेवा देणार, मोडीत घातल्यावर धातूचं काय येणार. तू ज्यांना दोन वेगवेगळी कपाटं समजतेयस, ती या यादीत एकाच फळीवर आहेत. मला हे पान तेवीस-चोवीस वर्षं उशिरा मिळालं.

आता पुस्तकं. पहिलं डॉन नॉर्मनचं घे. 1988 ला आलं तेव्हा नाव ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ होतं, पुढे ते ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ झालं. 2013 ची सुधारित आवृत्ती घे, दुकानात जुनी स्वस्तात दिसली तरी. दार ढकलायचं की ओढायचं हे दाराकडं बघून कळलं पाहिजे, पाटी लावावी लागली तर चूक दाराची, असं तो सांगतो. ऐकायला सोपं आहे. मला ते कसं कळलं ते सांगतो.

आमच्या पहिल्या बेदाणा चाळणीला दोन खटके होते, शेजारी शेजारी, अगदी एकसारखे. एक पंख्याचा, दुसरा चाळण हलवायचा. बायका पंखा बंद करायला जायच्या आणि चाळण थांबायची, माल तिथंच तुंबायचा. मी दोन दिवस चिडचिड केली, मग मोठ्या अक्षरात स्टिकर छापून आणले, ‘पंखा’ आणि ‘चाळण’. फरक शून्य. तिसऱ्या दिवशी बघतो तर एका खटक्याला लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी बांधलेली. बांधणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, हात चिकट, डोळं मालावर. तुमची अक्षरं कवा वाचायची?” चिंधी हाताला लागते, बघावं लागत नाही. चूक त्या दिवशीपासून बंद झाली.

पुढं कित्येक वर्षांनी नॉर्मनची जुनी आवृत्ती हातात पडली, तर त्यात एका अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूमचा फोटो. एकसारखे दिसणारे लिव्हर ओळखू यावेत म्हणून तिथल्या कामगारांनी त्यांना बिअरच्या नळाच्या मुठी बसवल्या होत्या, दोन निरनिराळ्या बिअरच्या. मी शेडमध्ये एकटाच हसत बसलो. आमच्या मावशी आणि ते अमेरिकन ऑपरेटर एकाच शाळेचे निघाले. या पुस्तकातून एवढं उचललंस तरी पैसे वसूल. वापरणाऱ्यानं यंत्राला बांधलेली प्रत्येक चिंधी, खाली सरकवलेली प्रत्येक वीट, दोरीनं मागं बांधून टाकलेलं प्रत्येक झाकण हे तुझ्या ड्रॉइंगवर लाल पेनानं मारलेली खूण समज. नॉर्मनचा आणखी एक भेद उपयोगी आहे. हात घसरून होणारी चूक वेगळी आणि मुळात समजच उलटी झाल्यानं होणारी वेगळी. पहिली खटके लांब ठेवून जाते. दुसरीला यंत्राच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसावं लागतं. आमच्या पुढच्या यंत्राला चाळणीवर पत्र्याऐवजी जाळीचं झाकण आलं ते यामुळं.

हेन्री ड्रेफसचं ‘डिझायनिंग फॉर पीपल’, 1955 चं, वाचनालयात मिळालं तर चाळ, विकत घेऊ नकोस. त्यात जो आणि जोसेफिन नावाची दोन माणसं रेषांनी काढून त्यांची सगळी मापं दिली आहेत. कल्पना फार मोठी, पण ती मापं अमेरिकन शरीरांची. बेदाणा शेडमधली आपली बाई पाटावर किंवा पोत्यावर बसते, एक गुडघा वर करून. त्या बसण्याला जोसेफिन उपयोगाची नाही. एनआयडीनं 1997 मध्ये भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलंय, देबकुमार चक्रवर्ती यांचं. ते जाडजूड कोष्टकांचं आहे, वाचायचं नसतं, लागेल तेव्हा उघडायचं असतं. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचार. नाहीच मिळालं तर शिवणकामाची टेप घेऊन तासगावच्या चार शेडमध्ये जा, बसलेल्या बाईच्या कोपराची जमिनीपासून उंची आणि हाताचा पल्ला मोज. वीस जणींची मापं झाली की तुझ्यापुरतं पुस्तक तयार.

बाकीच्या नावांवर घाईनं बोलतो. हेन्री पेट्रोस्कीचं ‘द इव्होल्यूशन ऑफ यूझफुल थिंग्ज’ (1992) प्रवासात वाचायला उत्तम. जेवणाच्या काट्याला दोनाचे तीन आणि तिनाचे चार दात का झाले, यावर माणूस पानंच्या पानं लिहितो आणि कंटाळा येत नाही. वस्तूला आकार येतो तो तिच्या आधीच्या वस्तूतल्या खोटीमुळं, हे त्याचं म्हणणं शेडमध्ये रोज खरं होताना दिसतं. ख्रिस्तोफर अलेक्झांडरच्या 1964 च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या पुस्तकात एका भारतीय खेड्याच्या 141 गरजा मांडून त्यांची गणितानं विभागणी केली आहे. गणित सोड, यादी वाच, आपलं गाव बाहेरच्या माणसाला कसं दिसतं ते कळतं. व्हिक्टर पापानेकचं ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ (1971) मात्र जपून. माणूस तळमळीचा आहे. टिनच्या डब्यात मेण जाळून चालणारा 9 सेंटांचा रेडिओ त्यानं दाखवला, तो वाचून माझंही रक्त सळसळलं होतं. पण पुस्तक मिटल्यावर प्रश्न उरला, की तो रेडिओ विकणार कोण, त्याला त्यात काय सुटणार, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुणाकडं न्यायचा? या प्रश्नांना त्याच्याकडं फारसा वेळ नाही. तळमळीवर मी दोन यंत्रं बनवली होती. दोन्ही भंगारात गेली.

इथं मुख्य गोष्टीवर येतो. डिझाइनच्या बऱ्याच नामवंत पुस्तकांत वस्तू घेणारा आणि वापरणारा हा एकच माणूस असल्यासारखं लिहिलेलं असतं. चहाची किटली घेतो तोच चहा ओततो. आपल्याकडं तसं नाही. तुझं यंत्र घेणार शेडमालक, त्यावर दिवसभर बसणार रोजंदारीवरची बाई, त्यातला माल सौद्यात बघणार व्यापारी, आणि यंत्राचे हप्ते धरणार बँक किंवा सोसायटी. बाईचे हात चिकट होतात म्हणून तू पैसे खर्च केलेस, तर मालक त्याचे पैसे देईलच असं नाही. त्याला ते दिसतच नाही. नॉर्मननं सुधारित आवृत्तीत याला थोडा हात घातलाय, पण तो त्याच्या घरचा विषय नाही. तो अर्थशास्त्राच्या घरचा विषय आहे.

आपल्या भागातलंच बघ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा तो लाकडी नांगरापेक्षा उघड सरस होता. तरी शेतकरी घेईना. लोखंड लागलं की जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. नांगर नुसता सरस असून भागलं नाही, आधी ती समजूत जावी लागली. 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर. कुंडलच्या बाजूला जाशील तेव्हा हे डोक्यात ठेव.

अर्थशास्त्रात ॲडम स्मिथपासून सुरुवात कर, पण 1776 चं त्याचं ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ अख्खं वाचायला घेऊ नकोस, बुडशील. पहिल्या भागातली पहिली तीन प्रकरणं, बस्स. प्रताधिकार कधीच संपलाय, फुकट मिळतं. पहिल्या प्रकरणातली टाचणी सगळ्यांना माहीत असते. कामाचे अठरा तुकडे केले की दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करतात. खरा माल तिसऱ्या प्रकरणात आहे, तिथवर फार थोडे जातात. तिथं तो म्हणतो, कामाची वाटणी किती करता येईल ते बाजार केवढा आहे त्यावर ठरतं. उदाहरण खिळे करणाऱ्याचं. दिवसाला हजार प्रमाणं वर्षाच्या तीनशे दिवसांत तो तीन लाख खिळे करील, पण स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात त्याचे हजारही खपणार नाहीत, म्हणजे वर्षातल्या एका दिवसाचं काम.

हे वाचलं असतं तर माझे साठ हजार वाचले असते. बाजूच्या एका ब्रॅकेटसाठी मी प्रेसची डाय, म्हणजे साचा, करून घेतली. डाय सुरेख, एका ठोक्यात ब्रॅकेट. यंत्रं गेली त्या वर्षी अकरा. लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेतली असती तर सगळी मिळून पाच-सहा हजारांत बसली असती. डाय अजून रॅकवर आहे, पेपरवेट म्हणून जड पडते.

पण स्मिथचं तिसरं प्रकरण तुझ्या यंत्राबद्दल याहून मोठं काही सांगतं, म्हणून इथं जरा थांबतो. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, ओढून-ताणून मे. त्यातही एका लहान बागायतदाराचा स्वतःचा माल यंत्रावरून आठ-दहा दिवसांत निघून जातो. उरलेले साडेअकरा महिने यंत्र कोपऱ्यात, वर पोतं टाकलेलं, त्यावर कोंबडी बसलेली. त्या आठ-दहा दिवसांसाठी तो तुला पूर्ण किंमत देणार नाही, आणि द्यायला गेला तर मी त्याला अडवीन. ‘लहान बागायतदाराला परवडेल’ हे तुझं वाक्य मनानं चांगलं आहे, हिशेबानं लंगडं. हळद शिजवायचा कुकर आठव. प्रत्येक शेतकऱ्याकडं कुकर असतो का? गावात एखाददुसरा पोरगा कुकर घेतो, ट्रॅक्टरला जोडून शिवारा-शिवारात फिरतो, कायलीच्या हिशेबानं पैसे घेतो. मळणी यंत्राचंही तेच. तुझं गिऱ्हाईक बागायतदार नाही, तो पोरगा आहे.

आणि एकदा गिऱ्हाईक बदललं की ड्रॉइंग बदलतं. यंत्राला चाकं हवीत, तीही शेडसमोरच्या मुरमावरून ओढता येतील अशी. पिकअपमध्ये दोन माणसांनी चढवता येईल एवढं वजन. शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, म्हणून मोटर सिंगल फेज, नाहीतर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, चालण्याची सोय. एका मालकाचा माल संपून दुसऱ्याचा सुरू करताना आत मूठभरही बेदाणा अडकून राहता कामा नये, नाहीतर सौद्यात भांडणं. म्हणजे झटक्यात उघडणाऱ्या बाजू हव्यात. शिवाय प्रत्येक शेडमध्ये नव्या बायका बसणार, त्यांना शिकवायला वेळ नाही. म्हणजे हिरव्या चिंधीची गरज चौपट. बघ, 1776 च्या प्रकरणानं तुला 1988 च्या पुस्तकाकडं परत आणून सोडलं.

दुसरं वाचायचं ते पुस्तकच नाही, जॉर्ज अकरलॉफचा 1970 सालचा तेरा पानांचा लेख, ‘द मार्केट फॉर लेमन्स’. आधी तीन ठिकाणांहून परत आला होता, पुढं 2001 मध्ये त्याच कामाला नोबेल. लेख छापून येण्याआधी तो काही काळ दिल्लीत राहिला होता आणि लेखात आपल्याकडच्या गावच्या सावकारांचंही उदाहरण आहे. लेमन म्हणजे अमेरिकन बोलीत खोट असलेली गाडी, मुद्दा जुन्या मोटारींचा. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देतो, चांगली गाडी असलेला त्या भावात विकत नाही, बाजारात उरतात त्या भंगार गाड्या.

हे मी स्टीलवर शिकलो. बेदाण्याच्या यंत्राला 304 दर्जाचं स्टेनलेस स्टील लागतं, कारण रंगासाठी गंधकाची धुरी देतात आणि तो वास पत्र्यालाही सोडत नाही. 202 स्वस्त असतं, त्यात निकेल कमी आणि त्याजागी मँगनीज जास्त. नवं असताना दोन्ही सारखीच चमकतात. आपल्याकडं सगळे खिशात चुंबक घेऊन फिरतात, “चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील.” चुंबक 202 लाही चिकटत नाही. एका व्यापाऱ्यानं बिलावर 304 लिहून मला 202 दिलं, आणि मी चुंबक लावून खूश. दुसऱ्या हंगामात चहाचे डाग पडावेत तसे तांबूस ठिपके आले. पाच यंत्रांचे पत्रे पदरचे घालून बदलून दिले.

त्याहून वाईट पुढं झालं. मी खरं 304 वापरायला लागलो तर माझं यंत्र महाग दिसायला लागलं आणि शेजारचा 202 वाला “तेच स्टील, कमी भाव” म्हणून विकायला लागला. गिऱ्हाइकाच्या चुंबकानं त्याचीच साक्ष दिली. अकरलॉफ उपाय सांगतो ते असे, की जे दिसत नाही त्याची हमी द्या, नाव कमवा, तिसऱ्याची साक्ष काढा. आम्ही तेच केलं. प्रत्येक यंत्राच्या पत्र्याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे त्यात कुठला धातू किती याची तपासणी, बिलाला टाचायचा, गंजाची पाच वर्षांची लेखी हमी, आणि गिऱ्हाइकासमोर पत्र्यावर रसायनाचा थेंब टाकून रंग दाखवायचा. थेंबाच्या चाचणीची बाटली चुंबकापेक्षा फार महाग नसते. आता काही गिऱ्हाइकं स्वतःच थेंब मागतात. तुझ्या यंत्राची किंमत ठरवण्याआधी हा लेख दोनदा वाच.

आल्फ्रेड मार्शलचं 1890 चं ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हेही फुकट आहे आणि हेही अख्खं वाचू नकोस. चौथ्या भागातलं दहावं प्रकरण काढ. एकाच धंद्याचे लोक एका जागी जमले की धंद्याची गुपितं गुपितं राहत नाहीत, जणू हवेतच असतात, पोरं नकळत शिकतात, असं त्यानं लिहिलंय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा चक्कर मार, हेच दिसेल. आणि कुपवाडात तू हे रोज श्वासानं घेतेयस, फक्त मोजत नाहीस. कास्टिंग हवं तर शिरोलीला फोन, शाफ्ट घासायचा तर चार शेड सोडून लेथ, मोटर भरणारा रस्त्यापलीकडं. पुण्यात बसून हेच यंत्र केलं तर तिथले मोठे इंजिनिअरही तुझ्याइतकं स्वस्त करू शकणार नाहीत. मात्र त्याच प्रकरणात त्यानं इशाराही दिलाय. एकाच धंद्यावर जगणाऱ्या मुलखाला मंदी आली की ती सगळ्यांना एकदम बसते. अवकाळीनं द्राक्षं गेली त्या वर्षी आमच्या रांगेतल्या सहा शेडपैकी चारांचे शटर दुपारीच खाली यायचे. मी हळदीच्या ड्रमावर तरलो.

रोनाल्ड कोसचा 1937 चा ‘द नेचर ऑफ द फर्म’ हा लेख, आपण करावं की बाहेरून करून घ्यावं यावरचा, दुसऱ्या वर्षी वाच. केन्सला हात लावू नकोस. तो सरकारांसाठी आहे, शेडसाठी नाही. धनंजयराव गाडगिळांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं 1924 चं पुस्तक आणि बाबासाहेबांचं 1923 चं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ही दोन्ही यंत्राला काडीचा उपयोग नसलेली आणि तरी घरात असावीत अशी. साताऱ्याच्या ज्या शाळेत 1900 साली बाबासाहेबांचं नाव घातलं गेलं, तिच्यावरून मी अनेकदा गेलोय. तेवीस वर्षांनी त्या पोराचं चलनावरचं पुस्तक लंडनहून निघतं, हा विचार मला दर वेळी थांबवतो. असो, विषय सोडून गेलो.

पाच हजारांतून नॉर्मनखेरीज आणखी एकच विकत घे, हर्बर्ट सायमनचं ‘द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल’, 1969 चं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस (1978) डिझाइनबद्दल लिहितो, त्यामुळं तुझा आधी-कुठलं हा वाद इथं संपतो. कठीण आहे, काही प्रकरणं मला आजही नीट कळत नाहीत. पण त्यातली दोन घड्याळजींची गोष्ट वाच. दोघांचंही घड्याळ हजार भागांचं. एक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसलग जोडत जातो, मध्ये फोन आला की अर्धवट जुळलेलं सगळं सुटून पडतं. दुसरा दहा-दहा भागांचे गठ्ठे करतो, मग गठ्ठ्यांचे गठ्ठे. फोन आला तर एक लहान गठ्ठाच सुटतो. पहिला धंद्यातून उठतो. आपल्याकडं फोनबरोबर लाइटही जाते, वेल्डर लग्नाला जातो, आणि ऐन हंगामात “आधी आमचं दुरुस्त करून द्या” म्हणत कुणीतरी दारात उभा असतो. फ्रेम, चाळण, पंखा, मोटर अशी चार वेगळी ठोकळं कर, प्रत्येक चार बोल्टांनी बसणारं. बिघडलेलं ठोकळं काढून दुसरं बसवायला शेडवरच्या पोराला दहा मिनिटं लागली पाहिजेत. भाड्यानं फिरणाऱ्या यंत्राचा एक दिवस बुडाला तर त्या पोराचा हप्ता बुडतो. ‘पुरेसं चांगलं’ सापडलं की शोध थांबवायचा, हा सायमनचा दुसरा मुद्दा. तुझ्यासारख्या नव्या इंजिनिअरला तो पचायला वेळ लागेल. मलाही लागला. चाळणीचा कोन अर्ध्या अंशानं सुधारत मी एक अख्खा जानेवारी घालवला आणि हंगाम दुसऱ्याच्या यंत्रांनी केला.

जुनी की नवी, याचं उत्तर यातच आलंय, तरी एक सांगतो. या पुस्तकांतला सिद्धान्त जुना होतो, त्यावर पुढच्यांनी वाद घातलेले असतात. लेखक जिथं एखादी खरी वस्तू समोर ठेवून बघत बसलेला असतो, तांब्या, खिळा, लिव्हर, जुनी मोटार, ती पानं जुनी होत नाहीत. म्हणून मी तुला पुस्तकांपेक्षा पानं सांगितली. नव्या पुस्तकांत क्लेटन क्रिस्टेन्सनचं 1997 चं ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ तेवढं वाचनालयातून आण, त्यातलं उत्खनन यंत्रांचं प्रकरण वाच. पहिली हायड्रॉलिक यंत्रं इतकी लहान होती की ट्रॅक्टरच्या मागं जोडून चर खणायच्याच लायकीची, आणि केबलवर चालणारी मोठी यंत्रं करणाऱ्यांच्या गिऱ्हाइकांना त्यांचा उपयोग नव्हता. तू लहान यंत्र करतेयस, म्हणून सांगितलं.

आता दिवाळी तोंडावर आहे. ईम्स आणि नॉर्मन डिसेंबरपर्यंत होतील. स्मिथची तीन प्रकरणं आणि अकरलॉफ जानेवारीत, कारण तेव्हाच तुला गिऱ्हाईक आणि पत्रा दोन्ही ठरवायचंय. हंगामात काही वाचू नकोस, टेप आणि वही घेऊन शेडमध्ये बस, शक्यतो मालक नसताना. मार्शल आणि सायमन पावसाळ्यात. सायमन विकत घेण्याआधी माझी प्रत बघून जा. सांगलीच्या गावभागातल्या घरात 2019 ला पुराचं पाणी शिरलं तेव्हा खालच्या फळीवर होती, फुगून दुप्पट झालीय आणि मधली पानं चिकटलीत. घड्याळजींचं पान मात्र सुटतं.